रातपाळी

आमच्या घरात सध्या तिघं रातपाळीला आहेत. थोरला चाकणच्या कंपनीत, मी उसात, आणि तिसऱ्याचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही. पण तिघांत एकही खाडा न करणारा तोच. पगार एकट्या थोरल्याला मिळतो. तिसरा पोटावारी काम करतो. मी कशावर करतो हे अजून सोसायटीच्या सचिवालाही उमगलेलं नाही.

तिसरा म्हणजे बिबट्या. हा शब्द छापण्यापुरता. पेपरात बिबट्या, पंचनाम्यात बिबट, आणि आमच्याकडं सरळ वाघ. शाळेत चौतीस वर्षं मी पोरांना पट्टे आणि ठिपके यांतला फरक फळ्यावर काढून शिकवला. निवृत्त होऊन शेतात आलो, पहिल्याच हिवाळ्यात बांधावर समोरासमोर गाठ पडली, आणि तोंडातून निघालं ते "वाघ!" बि-ब-ट्या असं सगळं म्हणून होईपर्यंत थांबायला त्या प्रसंगी वेळ नसतो.

गाव नारायणगाव आणि मंचरच्या मध्ये. जुन्नर संपता संपता आणि आंबेगाव सुरू होता होता. वाघ रात्री जेवायला एका तालुक्यात आणि दिवसा झोपायला दुसऱ्या तालुक्यात असतो, त्यामुळे त्याचा रहिवासी दाखला कोणी द्यायचा याचा निकाल लागत नाही.

तर गेल्या थंडीत टेक्ससहून भाच्याचा फोन आला. हा भाचा लहानपणी झुरळ दिसलं तरी माळ्यावर चढायचा. आता तिकडं कंपनीतल्या मित्रांबरोबर शिकारीला गेला होता.

"मामा, इथं कोयोटी म्हणून एक प्राणी असतो. आपला कोल्हाच समजा, जरा थोराड."

"बरं."

"त्याच्या शिकारीला इथं हंगामाची अट नाही. खासगी रानात वर्षभर, दिवसा-रात्री, कधीही मारा. पण उत्तम वेळ कोणती यावर मित्रांची भांडणं चालतात. एक म्हणतो पहाट, एक म्हणतो तिन्हीसांज, एक म्हणतो रात्री लाल बॅटरी लावून. जखमी सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवत झुडपात बसायचं, की कोयोटी येतो. तुमच्याकडं काय म्हणतात? चांगली वेळ कोणती?"

"आमच्याकडं वेळ ठरलेली आहे," मी म्हटलं. "या हप्त्यात रात्री बारा ते सकाळी आठ."

"कुणी ठरवली?"

"वीजवाल्यांनी."

"म्हणजे तुम्हीपण शिकारीला जाता?"

"छे रे. आम्ही दारं धरायला जातो. शिकारीला तो येतो."

भाचा हसला. अमेरिकेत राहून माणसाला वाटतं मामा विनोद करतोय. मी त्याला वेळापत्रक वाचून दाखवत होतो.

हे वेळापत्रक काय आहे ते ज्यांच्या घरात बटण दाबलं की लाईट लागते त्यांना सांगायला हवं. घरातला बल्ब सिंगल फेजवर पेटतो. विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लागते, आणि ती शेतीला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीपाळीनं मिळते. कारण साधं आहे. दिवसा शहरं जागी असतात, कारखाने चालू असतात, सगळ्यांना वीज हवी असते. रात्री शहर झोपतं, पण कोळशावरचं केंद्र काही चुलीसारखं पाणी ओतून विझवता येत नाही. मग उरलेली वीज कुणाला द्यायची? जो उद्या सकाळी ऑफिसला जाणार नाही त्याला. आता उद्या सकाळी ऑफिसला न जाणारे या मुलखात दोघेच: शेतकरी आणि वाघ. दोघांची ड्यूटी एकाच वेळेला, एकाच शेतात लागते. दिवसा वीज द्यावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, आणि काही गावांत दिवसाची लाईट आलीही. तिथली माणसं लग्नात भेटली की लगेच ओळखू येतात. त्यांची झोप झालेली असते.

पण वाघ मुळात आमच्या शेतात का, हा प्रश्न पुण्याचे पाहुणे फार गंभीर चेहरा करून विचारतात. "जंगलं तोडली हो माणसानं, बिचारा जाणार कुठं?" हे ऐकून आमच्या तात्यांना भयंकर राग येतो. तात्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. ते म्हणतात, "आरं, हितं जंगल व्हतं कवा? हितं कुसळं व्हती. बाजरी, हुलगा, मटकी. ससा लपायला जागा नव्हती, वाघ कुढं लपंल?" तात्यांचं खरं आहे. जंगल पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला. भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज. आमचा पूर्वेकडचा भाग उघडाबोडका. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले, विघ्नहर तिकडं आणि भीमाशंकर इकडं. वस्त्या शेतात गेल्या, वस्तीमागून कुत्री, शेळ्या, कोंबड्या गेल्या. आणि एवढी सगळी सोय झाल्यावर वाघ आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. दहा फूट उंच, आत गारवा, पाटाला पाणी, माणूस आत डोकावत नाही. एवढ्या सवलती नवीन एमआयडीसीतल्या उद्योजकालाही मिळत नाहीत.

त्यामुळे आता जे वाघ आहेत ते जंगलातून आलेलेच नाहीत. ते इथलेच. उसात जन्मले, उसात वाढले, त्यांच्या आज्या-पणज्या उसातल्या. त्यांना जंगल म्हणजे काय विचाराल तर ते बहुधा शहाऐंशी शून्य बत्तीस असं सांगतील. ही उसाची जात आहे.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी या उसातल्या वाघांचा बरीच वर्षं अभ्यास केला. वाघाच्या विष्ठेवरून त्यांनी त्याचा आहार काढला. त्यात पाळीव जनावरंच बहुतेक, आणि वजनाच्या हिशेबात एकटी कुत्री जवळजवळ चाळीस टक्के. म्हणजे जो प्राणी आम्ही वाघापासून राखण करायला पाळतो, तोच वाघाचा मुख्य आहार आहे. कपाटाच्या राखणीला आपण चकलीच ठेवतोय.

आता वाघाच्या वेळेबद्दल. दिवसभर तो उसात पडून असतो. तिन्हीसांज झाली की उठतो, आणि सात ते नऊ हा त्याचा पहिला फेरा. बायका मालिका बघत असतात, पुरुष डेअरीवर दूध घालायला गेलेले असतात, पोरं अंगणात असतात आणि कुत्री ओट्याखाली. मग मध्यरात्रीनंतर दुसरा फेरा, आणि पहाटे घरी जाताना तिसरा. भाच्याचे मित्र पहाट, तिन्हीसांज की रात्र यावर भांडतात. आमच्या वाघानं तिन्ही मान्य करून वाद मिटवला आहे.

पहाटेच्या फेऱ्याचा या भागावर एक उपकार आहे, तो नोंदवून ठेवतो. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पुढं गावोगाव गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे अंधारात बॅटरी घेऊन साहेब लोक पाणंदीला उभे राहायचे आणि डबा घेऊन येणाऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचे. आमच्या गावातल्या लोकांनी गुलाब घेतला, डबाही नेला. पुढं एकदा पाणंदीच्या कडेला पंजाचे ठसे उमटलेले दिसले, आणि पंधरा दिवसांत अकरा संडास बांधून झाले. सरपंचांनी त्याचं श्रेय भाषणात अभियानाला दिलं. ज्यांनी घाईनं विटा आणल्या त्यांना खरं माहीत आहे.

माणूस बसला की धोका, हे वनखातंही सांगतं. त्यांची माणसं गावात येऊन पत्रकं वाटतात: एकट्यानं फिरू नका, हातात घुंगरू लावलेली काठी ठेवा, मोबाईलवर गाणी लावा, मोठ्यानं बोला, वाकून काम करू नका. सगळ्या सूचना शहाणपणाच्या आहेत. दोन पायांवर ताठ उभं असलेलं जनावर वाघाच्या यादीत नाही. खाली वाकलं की उंची शेळीएवढी होते आणि मग तो हिशेब करायला लागतो. पण शेवटच्या सूचनेवर आमच्या ग्रामसभेत बराच वेळ शांतता पसरली. शेती म्हणजे दुसरं काय असतं? खुरपणी वाकून, कांद्याची लागण वाकून, मेथी उपटायची वाकून, बटाटे वेचायचे वाकून. बँकेपुढं आणि अडत्यापुढं वाकायचं ते वेगळंच. ताठ उभ्यानं करता येईल असं शेतीत एकच काम आहे, भाव ऐकणं. आणि तेही ऐकून झाल्यावर माणूस खालीच बसतो.

गाण्यांवरूनही आमच्यात दोन पक्ष आहेत. भजनी मंडळाचं म्हणणं, रात्री अभंग लावावेत, वाघ कसाही असला तरी जीवच आहे. दुसरा पक्ष तमाशाचा. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रेची सुपारी ठरते. या पक्षाचं म्हणणं, ढोलकी कडाडली की चार कोसांवरचा वाघ उठून जाईल. मी दोन्ही प्रयोग करून पाहिले. अभंगाला वाघ येत नाही, लावणीलाही येत नाही. पण लावणी लावली की शेजारच्या चार शेतांतले लोक दारं सोडून आमच्या बांधावर येऊन बसतात. राखण म्हणून ही पद्धत उत्तम. फक्त माझं पाणी दोनदा फुटून तात्यांच्या कांद्यात गेलं.

खोडद इथून फार लांब नाही. तिथं ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, शेतांमधून पांढऱ्या परातींसारख्या उभ्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी त्यांना ऐकू येतात. शाळेची सहल नेली की मी पोरांना हे अभिमानानं सांगायचो. आता रात्री एक वाजता सरीत उभा असताना दूर क्षितिजावर लक्ष जातं आणि वाटतं, विश्वाच्या पलीकडचं यांना ऐकू येतंय आणि दहा फुटांवरच्या उसात काय खसपसलं ते मला कळत नाही. विज्ञानानं मधली पायरी सोडली.

ते खसपसणं कसं असतं तेही सांगतो, कारण वाघाबद्दल लिहिणारे डरकाळीबद्दल लिहितात. वाघ रात्री ओरडला तर बरंच म्हणायचं. कुठं आहे ते तरी कळतं. करवत लाकडावर मागं-पुढं ओढावी तसा तो आवाज. खरी पंचाईत न ओरडणाऱ्याची. बारा वाजून काही मिनिटांनी लाईट येते, ऑटोवर टाकलेली मोटार हुंदका देऊन सुरू होते, पाटाला पाणी येतं. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट, हातात खोरं. पाणी सरीतून पुढं सरकतं तसा कोरड्या पाचटाचा चर्रर्र आवाज होतो. उंदीर पळतो, त्याचा एक. साप निघतो, त्याचा दुसरा. वाऱ्यानं पात्यावर पातं घासतं, तो तिसरा. तीन वर्षांत मला हे सगळे ओळखता यायला लागले. आणि कधीतरी हे सगळेच आवाज एकदम थांबतात. रातकिडेसुद्धा. तेव्हा मी खोरं खांद्यावर घेतो आणि सव्वीसचा पाढा मोठ्यानं म्हणतो. मास्तरांना रात्री पाढे म्हणताना ऐकून गावात माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातं. बोलू द्या. सव्वीसचा पाढा पूर्वी वर्गातले सगळेच घाबरून सोडायचे.

वाघाला मारता येत नाही. १९७२ साली महाराष्ट्राला तीन गोष्टी मिळाल्या: दुष्काळ, शांतारामबापूंचा 'पिंजरा', आणि वन्यजीव संरक्षण कायदा. दुष्काळ कुकडीच्या पाण्यानं आमच्यापुरता गेला. बाकीच्या दोन गोष्टी अजून एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, कारण कायद्यामुळं मारायला बंदी, आणि म्हणून पिंजरा. मी मास्तर असल्यानं गावात पिंजरा आला की हटकून कोणीतरी म्हणतं, "मास्तर, तुमचा आला बरं का."

पिंजरा गावात येणं हा एक सोहळा असतो. तो हवा सगळ्यांना, पण दुसऱ्याच्या शेतात. आपल्या शेतात लावला तर वाघ आपल्याकडं येईल अशी प्रत्येकाला रास्त शंका असते. मग सावज म्हणून शेळी कुणाची, यावर बैठक. शेळीला मागच्या बाजूला जाळीआड वेगळा कप्पा असतो, वाघ तिच्यापर्यंत पोचू शकत नाही, हे तिच्या मालकाला पटतं. शेळीला कोणी समजावत नाही. गेल्या वर्षी आमच्या मळ्यात लावला तेव्हा एकाची बोकडासारखी दिसणारी म्हातारी शेळी ठेवली. पहिल्या रात्री ती इतकी ओरडली की वस्तीवर कुणाला झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला मेथीची जुडी, मक्याची कणसं, उसाचं वाढं आणून घालायला लागली. चार रात्रींत ती गप्प झाली. चौदा रात्रींत ती गुबगुबीत झाली. वाघ रोज यायचा. पिंजऱ्याला चक्कर मारायचा, ठसे उमटवायचा आणि समोरच्या वस्तीवरचं कुत्रं घेऊन जायचा. पंधराव्या दिवशी पिंजरा हलवला तेव्हा शेळी बाहेर यायला तयार होईना. सगळ्या गावात रात्री निर्धास्त झोपणारी ती एकटीच होती.

आणि वाघ सापडतो तेव्हा? सापडतो तोही रात्रीच, पण पाहायची वेळ सकाळची. व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: "वाघ अडकला आहे, कृपया गर्दी करू नये." हा निरोप वाचून चाळीस मोटारसायकली निघतात. गर्दी करू नये हे आमच्याकडं पत्ता सांगण्यासारखंच आहे. मग गाडी येते आणि वाघाला माणिकडोहला नेतात. जुन्नरजवळ धरणाच्या काठी बिबट्या निवारा केंद्र आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून चालवतात. जखमी, म्हातारे, पोरके असे वाघ तिथं. तात्या एकदा बघून आले. म्हणाले, डॉक्टर आहे, वेळेवर खायला आहे, निवांत आहे. चार दिवस गप्प गप्प होते. मग हळूच विचारलं, "माणसांचं काय हाय का रं असलं तिथं?"

पूर्वी पकडलेले वाघ लांब घाटात नेऊन सोडायचे. २००१ नंतर जुन्नर भागात हे फार झालं. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं आकडे मांडले: आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, सोडासोड सुरू झाल्यावर सरासरी सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी बिथरतो, आणि त्याच्या मोकळ्या जागेवर दुसरा येतो. गावच्या कारभारात बदलीनं प्रश्न सुटतो असं आम्हीही मानत होतो, पण निदान वाघाच्या बाबतीत ते खोटं निघालं.

सोडलेल्यांपैकी एकानं मात्र नाव काढलं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क वाघ बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेजला सोडला. त्याचं नाव आजोबा ठेवलं. तो तिथून चालत निघाला, महामार्ग ओलांडले, रेल्वेचे रूळ ओलांडले, खाडी ओलांडली आणि साधारण एकशे वीस किलोमीटर तोडून मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात पोचला. दिवसा गपचूप पडून राहायचा, रात्री चालायचा. पेपरवाल्यांना आश्चर्य वाटलं, पुढं त्याच्यावर सिनेमाही निघाला. आमच्याकडं कुणालाच नवल वाटलं नाही. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या माणसानं पोटासाठी मुंबई गाठायची ही रीत जुनीच आहे. डबेवाले दुसरे कुठले आहेत? आजोबा कल्याणला उतरून कुणा गाववाल्याच्या खोलीवर थांबला नाही, एवढाच फरक.

इतकं हसत लिहितोय, पण ज्या घरात माणूस गेलं त्या घराच्या उंबऱ्याशी हे हसू मी नेत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला जे झालं, मुलं गेली, त्यानंतर लोकांनी मंचरला महामार्ग अडवला तेव्हा मीही रस्त्यावर बसलो होतो. त्या दिवसांत बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जात होत्या. तो पट्टा मी लहानपणापासून ओळखतो. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचा, वाघानं मान धरू नये म्हणून. बायकोनं आरशासमोर उभं राहून तो घालून पाहिला, मागचा हूक मला लावायला सांगितला, आणि काही न बोलता डबा घेऊन खुरपायला गेली.

पुढं डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आमचे जुन्नरचे आमदार बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. सगळ्या वाहिन्यांवर दिसले. आमच्या पारावर पोशाखाचं कौतुक झालं, ठिपके बरोबर होते. पण तात्यांनी एक चूक काढली. म्हणाले, "दिवसाढवळ्या आला व्हय? मंग तो वाघ नव्हं." याच अधिवेशनाच्या सुमारास वनमंत्र्यांनी जंगलात शेळ्या सोडायची कल्पना मांडली, म्हणजे वाघ तिथंच जेवेल आणि वस्तीत येणार नाही. शेळ्यांबद्दल मला खात्री देता येत नाही. आमच्याकडची शेळी कुठंही सोडा, दिवे लागायच्या वेळेला घरी येते. मागं वाघ असला तरी त्याला घेऊन येते.

भाच्याला कोल्ह्याबद्दल हवं होतं, ते राहिलंच. कोल्हे आहेत. तेही उसातच. सांज झाली की एक सुरू करतो आणि मग सगळं शिवार धरतं. त्याला आम्ही हाकलत नाही, उलट कोल्हेकुई चालू असली की बरं वाटतं. वाघ जवळपास असेल तर कोल्ह्याला तोंड उघडायची हिंमत होत नाही, असं आम्ही मानतो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, आमचा मक्याला आणि भुईमुगालाही राजी आहे. नारायणगावच्या बागांत तर मांडवाखाली पडलेली द्राक्षं खातो, आणि ती इतकी गोड असतात की त्या जुन्या गोष्टीतलं वाक्य म्हणायची सोय त्याला उरलेली नाही. हंगामात त्याच्या लेंडीत नुसत्या द्राक्षाच्या साली दिसतात. असा मवाळ गडी आहे. त्याला टिपायला झुडपात बसून सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवायची? आमच्या उसात कुणी तशी शिट्टी वाजवून पाहावी. कोल्हा येणार नाही. येईल तो वेगळाच, आणि तो मागून येईल.

परवाच्या शनिवारी रात्रीची पाळी होती. धाकट्याला ताप, म्हणून मी एकटाच. दीडच्या सुमारास निम्मा ऊस भिजला होता आणि मोबाईलवरचं भजन चालू असतानाच फोन वाजला. भाचा. त्याच्याकडं दुपारचे दोन.

"मामा, जागे कसे?"

"रातपाळी."

"बरं, ऐका ना, त्या दिवशीचं अर्धवट राहिलं. आमच्यातला एक जण म्हणतो की उत्तम वेळ म्हणजे..."

तेवढ्यात लाईट गेली. मोटार थांबली. पाटाचं पाणी थोडं पुढं गेलं आणि गप्प झालं. रातकिडेही गप्प झाले. बॅटरी फिरवली, काही नाही, नुसती पाती. पण पाती एका जागी थोडी हलत होती आणि वारा नव्हता. सव्वीसचा पाढा सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तरला अडला.

"हॅलो? मामा? आवाज येतोय का?"

"येतोय. थांबू नकोस. स्पीकरवर टाकलाय, मोठ्यानं बोल."

"काय बोलू?"

"कोयोटीबद्दल. सगळं सांग. सुरुवातीपासून."

पोरानं चाळीस मिनिटं सांगितलं. कोयोटी कसा येतो, वाऱ्याच्या दिशेनं कसा येत नाही, कोणती बंदूक, कोणती शिट्टी, पहाटेचे फायदे, तिन्हीसांजेचे तोटे. मधे मधे इंग्रजीत, मधे मधे मंचरच्या मराठीत. मी बांधावर ताठ उभा राहून "हं", "असं का", "मग पुढं" म्हणत होतो. लाईट सव्वादोनला परत आली, मोटार हुंदकली, पाणी सुटलं, रातकिडे सुरू झाले. मी फोन ठेवला तेव्हा बॅटरी दोन टक्के होती.

सकाळी धाकट्याला घेऊन पाहायला गेलो. मी उभा होतो तिथून बारा-पंधरा पावलांवर, सरीच्या ओल्या मातीत, पुढच्या दोन पंजांचे ठसे शेजारी शेजारी होते आणि मागं पाचट दबून बसलेलं होतं. पोरगं म्हणालं, "आप्पा, बसून व्हता इथं. बराच येळ."